सोंग करालीय म्हणे!

माझी धाकटी जाऊ तीन वर्षं सकाळी भाकरी थापताना रडायची. बोटं सुजलेली, मूठ मिटायची नाही. उन्हात गेली की गाल लाल, तोंडात सारखे फोड, केस मुठीनं गळायचे. निपाणीतल्या आमच्या घरात निदान पहिल्याच आठवड्यात झालं: "सोंग करालीय, कामाला नको म्हणून." हे वाक्य मीही बोलले आहे. लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

दोनदा पोट पडलं तेव्हा स्तवनिधीला खेटे झाले. असातावेदनीय कर्माचा उदय, असंही कुणी म्हणालं. असेल बाई! पण मग चार दानांत औषधदान कशाला सांगितलंय?

पाय सुजले, लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा कुठे बेळगावला नेली. रक्ताच्या रिपोर्टात एएनए पॉझिटिव्ह, डीएनएविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर. ल्युपस. जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं या आजारात आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उठतात, आणि तीच रक्तात सापडून आजाराची खूण देतात. पडलेल्या दोन पोटांचं कारणही त्याच रक्तात होतं. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्यांनी वारेत गुठळ्या होतात. आधी कळलं असतं तर गरोदरपणात ॲस्पिरिन आणि हेपारिन देता आलं असतं. आम्ही नारळ दिला.

ल्युपसची अस्थिमज्जेतली पहिली खूण अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली सापडली. दहा रोग्यांत नऊ बायका असतात. एका प्रतिद्रव्याला तर 'स्मिथ' हे रोगी बाईचंच आडनाव दिलंय. आणि आपण? मुलगी बघायला पाहुणे यायच्या आत रिपोर्ट कपाटात, साडीच्या घडीखाली.

आता उलटा शहाणपणाही नको. एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणजे ल्युपस झालाच असं नाही. १:८० एवढं तर दहा धडधाकट माणसांतल्या एखाद्यात निघतं. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या रोग्यांत ते असतं, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. मग डीएनए, स्मिथ, लघवी आणि मुख्य म्हणजे बाईचं दुखणं, सगळं जोडून डॉक्टरनं ठरवायचं. नुसत्या एका कागदावर सोयरीक मोडणारी सासू आणि कागदच न काढणारी सासू, दोघी मला एकाच माळेच्या वाटतात.

जाऊ आता गोळ्या घेते, उन्हात डोक्यावरून पदर घेते, दर तीन महिन्यांनी लघवी तपासते. भाकरी मी थापते.

परवा मंडळात म्हटलं, दशलक्षणात बस्तीत अभिषेकाचे सवाल होतात, तसा एक सवाल औषधदानाचाही काढू. त्यातून आपल्याच पोरीबाळींच्या तपासण्या करू. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कुणीतरी विचारलं, यंदा हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं?