कुत्र्याचे रक्त तपासल्यावाचून औषध नको

जवाहरनगरच्या आसपासच्या धानपट्ट्यात कुत्रा हा गोठ्याचाच एक रहिवासी होय. तो बैलांच्या पायांशी निजतो, रात्री बांधावर राखण करतो. आणि बैलाचे रक्त पिऊन उठलेली गोमाशी काही क्षणांत त्यालाही डसते. असे असूनही तो तापाने पडला म्हणजे त्याचे रक्त तपासून घेण्याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. अंदाजाने सुई टोचली जाते. ही रीत बंद व्हावयास पाहिजे.

गोचिडांमुळे होणारा बॅबेसियाचा ताप आणि गोमाशीमुळे पसरणारा सर्रा हे दोन्ही रक्तातील परजीवींचे रोग आहेत. दोहोंतही ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, जनावर खंगते. सर्रा झालेल्या कुत्र्याचे तोंड व पाय सुजतात, डोळ्यांवर निळसर सारा येतो. बॅबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते. परंतु ही लक्षणे प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. शिवाय या रोगांवर वापरले जाणारे डायमिनाझीन हे औषध कुत्र्याला प्रमाणाबाहेर गेल्यास मज्जासंस्थेस इजा करते, आणि बॅबेसियाची लहान जात त्याने पुष्कळदा समूळ जातही नाही. म्हणून परजीवी कोणता, हे आधी कळणे अगत्याचे आहे.

कानाच्या कडेच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, गिम्साने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी पद्धत आजही स्वस्त व उपयुक्त आहे. तथापि रक्तात परजीवी थोडे असल्यास काच निर्दोष दिसते. अशा वेळी प्रतिपिंड शोधणारी कार्ड चाचणी कामी येते. मात्र तिचाही अर्थ नीट लावला पाहिजे.

याचे उदाहरण दूरचे नाही. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी गावच्या एका पशुपालकाच्या रक्तात सर्ऱ्याचा परजीवी सापडला. माणसात असे घडणे अत्यंत दुर्मीळ. तो रुग्ण सुरामिन या औषधाने बरा झाला. नंतर त्या गावातील १,८०६ लोकांची कार्ड चाचणी घेण्यात आली. ४१० जणांत कमीअधिक प्रतिक्रिया दिसली. पण जेथे ती तीव्र होती तेथेही रक्तात परजीवी आढळला नाही. प्रतिपिंड हे संपर्काची खूण होत, चालू रोगाचा पुरावा नव्हेत. कुत्रा बरा झाल्यावरही ते काही काळ टिकतात. रोगाच्या आरंभी ते तयारही झालेले नसतात.

कुत्र्यासाठी एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. गाई-म्हशींत सर्रा बहुधा दडून राहतो, कुत्र्यात मात्र तो झपाट्याने उग्र होतो. तेव्हा आजारी कुत्र्याचे रक्त हे गोठ्याविषयीची पूर्वसूचनाच समजले पाहिजे. तालुक्याच्या पशुदवाखान्यात काच रंगविण्याची सोय नित्य चालू असावी, कार्ड चाचणीचे साहित्य पुरविले जावे, आणि संशयित नमुने नागपूरला पाठविण्याची ठरलेली व्यवस्था असावी. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून या भागाच्या हाताशी आहे.

पशुपालकाने एवढेच करावे की, कुत्र्याला कोणतेही औषध देण्यापूर्वी, अंगात ताप असतानाच त्याला दवाखान्यात न्यावे. औषध दिल्यानंतर घेतलेल्या रक्तात परजीवी हुडकणे फार कठीण होते.