पायी सहल, गुडघे आणि पाण्याची बाटली

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, मुलानं सहलीची तिकिटं काढलीत. या वयात एवढं चालणं झेपेल का?" विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. एक हात गुडघ्यावर असतो आणि चेहऱ्यावर अशी आशा की डॉक्टर नको म्हणतील तर बरं. मी सहसा नको म्हणत नाही. मात्र गेल्या वर्षीपासून "जा" म्हणण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारतो. त्या का विचारतो, ते आज सांगायचं आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही सांगावी लागणार आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही चौघं अहमदाबादला गेलो. मी, आमच्या सौ., माझी थोरली बहीण आणि दाजी. ताई चौसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दाजी तिच्याहून पाच वर्षांनी मोठे, मधुमेही, पण हौशी माणूस. खानदेशातून सुरतमार्गे अहमदाबाद म्हणजे आपल्याला काही परदेश नाही. आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. तरीही बहुतेक लोक ते शहर कापडबाजारापुरतं आणि साबरमती आश्रमापुरतंच पाहून परततात.

जुन्या शहरात पायी फिरवून दाखवायची पद्धत तिथं चांगली रुजली आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या महापालिकेनं असा 'हेरिटेज वॉक' सुरू केला. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांच्या गल्लीबोळांतून जामा मशिदीपर्यंत पोहोचायचं. २०१७ साली युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा शहर म्हणून मान दिला, भारतात पहिल्यांदाच. त्यानंतर या वाटेवर वर्दळ आणखी वाढली. आम्ही गेलो ते त्याच वाटेनं, पण ओळखीतून मिळालेल्या एका तरुण मार्गदर्शकाबरोबर. मुलगा हुशार होता. हिंदीत सांगायचा, मधूनच गुजरातीत विनोद करायचा.

आधी हिशेब करू. वाट सुमारे अडीच किलोमीटरची, वेळ अडीच तासांचा. म्हणजे ताशी एक किलोमीटर. आमच्या गावातला म्हातारा बैलही याहून जोरात चालतो. अडीच किलोमीटर सावकाश चालायलासुद्धा पाऊण तास पुरे. मग उरलेला पावणेदोन तास माणूस करतो काय? उभा राहतो. चबुतऱ्यापाशी पाच मिनिटं, हवेलीच्या कोरीव लाकडापाशी सात मिनिटं, देरासरापाशी दहा मिनिटं. अशा सहलीत माणूस दमतो तो चालण्यानं कमी आणि उभं राहण्यानं जास्त. ही गोष्ट "मी रोज पहाटे चार किलोमीटर चालतो" असं अभिमानानं सांगणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगीच नाही. माणूस एका जागी ताटकळला की हा पंप बंद पडतो. रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी पोहोचतं. तरुण माणसाचं शरीर ते सावरून घेतं. वय झालेल्याचं, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचं आणि अंगात पाणी कमी असलेल्याचं शरीर ते सावरेलच असं नाही.

ताईच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र आलं. तिला रक्तदाबाची जी गोळी चालू होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषध होतं. साध्या भाषेत पाण्याची गोळी. ती मीच लिहून दिलेली. त्या दिवशी सकाळी सहाला तिनं नेमानं ती गोळी घेतली, सोबत अर्धा कप चहा, आणि त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. सौ.नी बाटली पुढं केली तर म्हणाली, "नको गं, मग गल्लीबोळात जायचं कुठं?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. तीस वर्षं प्रॅक्टिस करणारा डॉक्टर ते ऐकून कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत बसला.

ऊन चढायला लागलं होतं. कवी दलपतरामांच्या घरापाशी त्यांचा बसलेला पुतळा आहे. दाजींनी शेजारी बसून फोटो काढून घेतला. ताई तेव्हा ठीक होती. पुढं एका पोळीत आम्ही शिरलो. पोळ म्हणजे एका दारातून आत जाणारी, एकमेकांना बिलगलेल्या घरांची वस्ती. पूर्वी रात्री ते दार बंद व्हायचं. मध्ये खांबावर पक्ष्यांना दाणे टाकायचा नक्षीदार चबुतरा. मार्गदर्शक त्याची हकीकत रंगात येऊन सांगत होता. मी मागं वळून पाहिलं तर ताईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम, आणि हात भिंत शोधत असलेला.

मी धरेपर्यंत ती खाली बसली. नाडी पाहिली तर बारीक आणि जलद. लगेच भोवती गर्दी जमली. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे तोंडावर पाणी मारा, एकजण तिला उठवून बसवायला लागला. वाचकहो, कुणाला भोवळ आली तर उठवू नका. आडवं करा, पाय हातभर उंच करा, गळ्याजवळचं कापड सैल करा, माणसांना बाजूला करा. पूर्ण शुद्ध असल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. मधुमेही असेल आणि गिळता येत असेल तर साखर द्या. दोन-तीन मिनिटांत माणूस नीट बोलायला लागत नसेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं जड झालं असेल किंवा तोंड वाकडं दिसत असेल, तर सहल सोडा आणि रुग्णालय गाठा.

ताई मिनिटभरात सावरली. समोरच्या घराच्या ओट्यावरून एक आजी उतरून आल्या. "आवो बेन, बेसो," म्हणत तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. पाणी दिलं, गूळ दिला. आणि मग कानाशी वाकून त्यांनी जे विचारलं ते आम्हा तिघांपैकी, माझ्यासकट, कुणालाही सुचलं नव्हतं. मोरीकडे जायचं आहे का? ताई होकारार्थी मान हलवत रडायलाच लागली. सकाळपासून पाणी टाळूनही तिला तासभर कळ होती, कारण गोळीनं तिचं काम केलंच होतं. म्हणजे अंगातलं पाणी गेलं आणि त्रासही चुकला नाही.

संध्याकाळी लॉजवर रक्तदाब पाहिला. बसून ११० आणि उभं केल्यावर ९४. तिचा नेहमीचा १४० च्या घरात. ती गोळी मी परत आल्यावर बदलली.

आता माझं मत. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. एस.टी.त पीत नाहीत, लग्नाला जाताना पीत नाहीत, बाजाराच्या दिवशी पीत नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलींपासून ही सवय लागते. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याचा त्रास वाढतो, उन्हात भोवळ येते. माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात जळजळ होते म्हणून येणाऱ्या बायकांना मी वर्षानुवर्षं "पाणी जास्त प्या" एवढंच सांगत आलो. त्यांना पाण्याचं महत्त्व माहीत नाही असं समजणं हा माझा शहाणपणा. त्यांना ते पक्कं माहीत असतं. प्यायल्यावर जायचं कुठं, हे माहीत नसतं, कारण तशी जागाच नसते. आपल्या तालुक्याच्या गावांच्या बाजारपेठेत पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळा होतो. बाईनं काय करावं? नगरपालिकेच्या निवडणुकीत गटारांवर, दिव्यांवर भाषणं होतात. या विषयावर एकही उमेदवार तोंड उघडताना मी पाहिलेला नाही. मला हा सौंदर्यीकरणाचा नाही, औषधोपचाराचा प्रश्न वाटतो. स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्त्रियांचं स्वच्छतागृह बाजारात झालं तर माझ्याकडची निम्मी नसली तरी बऱ्यापैकी गर्दी कमी होईल, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही.

सहल नेणाऱ्यांनी निघण्याआधी, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात सांगावं की वाटेत सोय कुठं कुठं आहे आणि किती वेळानं येईल. सांगितलं नाही तर आपण विचारावं. आमच्या मार्गदर्शकाला आम्ही चौघांनीही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं त्याच्या नंतरच्या धावपळीवरून वाटलं.

उन्हाबद्दल त्या शहराकडून शिकण्यासारखं आहे. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, दवाखान्यांना तयार ठेवायचं, पाण्याची सोय करायची. आपल्या खानदेशातही मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हे परकं समजू नये. गंमत म्हणजे त्या पोळा बांधणाऱ्या लोकांना हे शास्त्र आधीच कळलं होतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरची घरंच एकमेकांना सावली देतात. घराच्या मधल्या चौकाखाली टांकं असतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळघरातलं टाकं.

वयस्क माणसांनी, विशेषतः पायांत मुंग्या येणाऱ्या मधुमेहींनी, आणखी एक लक्षात ठेवावं. अशा वाटेवर देऊळ, देरासर, मशीद, सगळीकडे चपला काढाव्या लागतात. जामा मशीद १४२४ सालची, २६० खांबांची. आतला गारवा सुखाचा, पण बाहेरचं दगडी अंगण साडेदहाच्या उन्हात तापलेलं असतं. ज्याच्या तळव्यांना संवेदना कमी आहे त्याला चटका कळत नाही, आणि रात्री फोड दिसतो. अशा फोडापासून पायाची बोटं गमावलेले रोगी मी पाहिले आहेत. दाजींना मी जाड सुती मोजे घालायला लावले होते. ते कुरकुरले, पण घातले. एवढी एक गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

बाकी सूचना साध्या आहेत. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. उपाशी निघू नका, मधुमेहाची गोळी घेतली असेल तर मुळीच नको. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका. आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, वेळ किंवा औषध बदलता येतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनीही आधी विचारावं. इतरांनी तासाला पेलाभर तरी घोट घोट प्यावं. उभं राहावं लागलं तर टाचा उचलून खाली टेकत राहा, कुणी हसलं तरी. ओटा दिसला की बसा. काठीची लाज वाटत असेल तर छत्री घ्या, ऊन आणि तोल दोन्ही सांभाळते.

आणि एवढं सगळं सांगूनही मी "जा" असंच म्हणेन. वातानुकूलित बसमधून दिवसाला पंधरा ठिकाणं पाहणारे लोक संध्याकाळी सुजलेले पाय आणि शंभर फोटो घेऊन उतरतात. पायी माणूस थोडं पाहतो, पण माणसांच्या दारापर्यंत जातो. तिथल्या हाजा पटेलच्या पोळीत काळ्या रामाचं देऊळ आहे, ते पाहून सौ.ना नाशिक आठवलं. भद्रच्या किल्ल्यातलं भद्रकालीचं देऊळ मराठ्यांच्या अमलातलं. १७५८ ते १८१७ पेशवे आणि गायकवाड या शहराचे वाटेकरी होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर रस्त्यात उभ्या उभ्या कळलं. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेला माणूस चार महिन्यांत जास्त दुखणं घेऊन येतो, हा अनुभव तर रोजचा.

ताईनं यंदा डिसेंबरात पुन्हा अहमदाबादला जायचं ठरवलं आहे. त्या आजींना पत्र टाकलंय, आपल्याकडचे वांग्याच्या भरतासाठीचे मसाले पाठवणार आहे. दाजींची तक्रार मात्र अजून चालू आहे. सगळ्या सहलीत टांक्याचं झाकण उघडून आत पाहायला मिळालं ते एकट्या ताईला. आजींनी पाणी पाजल्यावर तिला तिथंच दाखवलं होतं, आणि आम्ही तिघं बाहेर ओट्यावर तिच्या चपला सांभाळत बसलो होतो.