दगडापुढचा झाडू

बर्फावरून जवळजवळ वीस किलोंचा दगड सरकवायचा आणि तो लांब जावा म्हणून सोबतिणींनी पुढे झाडू मारायचा, हा कसला खेळ? कर्लिंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. पुढे कॅनडाच्या सँड्रा श्मर्लरविषयी वाचलं आणि ओशाळलो. १९९३, १९९४ आणि १९९७ साली तिचा संघ जगज्जेता ठरला. पहिली मुलगी अवघी काही महिन्यांची असताना, १९९८ मध्ये, तिने नागानोला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. २००० साली, छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिला नेलं. मूल झालं की बाईचं खेळणं संपलं, असं आपण किती सहज म्हणून जातो! दगड सँड्राने सोडला खरा. पण झाडू मारणाऱ्या सोबतिणीही होत्याच ना? आपल्या घरातल्या लेकीसुनांसाठी तो झाडू आपण कधी हाती घेणार?