टोपीवाली गोगलगाय

गोगलगाय म्हटली की पाठीवर वेटोळ्यांचा शंख हवाच, अशी आपली समजूत. पण नुसत्या शंखावरून ओळख पटवायला गेले, तर फसगत होऊ शकते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातले गिमवी हे गाव. इथे काही जणांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी त्याचे कारण जाहीर केले : शिस्टोसोमा नावाचा जंत. हा जंत आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि मग पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो.

आफ्रिकेत त्याला आसरा देणाऱ्या बुलिनस गोगलगायीचा शंख वेटोळ्यांचा, डावखुरा. गिमवीत मात्र संशय गेला तो फेरिसियावर. ही जेमतेम काही मिलिमीटरची, दगडाला चिकटलेली इवलीशी टोपीच! १९५५ साली तिच्यात हा जंत वाढवल्याचे याच डॉक्टरांनी नोंदवले.

टोपीला वेटोळे नसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली आतली रचना पाहिली की तीही डावखुरीच निघते. काही शास्त्रज्ञांनी या दोघींना एकाच कुळात घातले आहे.

रोगाची वाट अडवायची, तर आधी नेमकी गोगलगाय ओळखायला हवी. त्यासाठी शंखाच्या आतही डोकवावे लागते.