ठिबक स्वस्त झाले, पण नळीवरची छपाई वाचूनच घ्या

ठिबक आणि तुषार संचावरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कर वगळून एक लाखाच्या संचामागे सात हजार रुपये वाचतात. (स्वतंत्र घेतलेल्या पीव्हीसी पाइपला ही सवलत नाही.) मात्र ‘आयएसआयसारखाच माल आहे’ या शब्दावर खरेदी केली, तर हे वाचलेले पैसे एका उन्हाळ्यात तडकलेल्या नळीत जातील.

नळीवरची अक्षरे कारखान्यातच छापली जातात. गरम प्लॅस्टिकमधून ओढलेली नळी पाण्यात थंड होते आणि गुंडाळण्यापूर्वी छपाई यंत्राखालून जाते. यंत्र नळीला न टेकता शाईचे बारीक थेंब उडवते. नळी किती वेगाने पुढे सरकते हे एक चाक मोजत असते, म्हणून मजकूर ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो. काळ्या लॅटरलवर त्यासाठी पांढरी किंवा पिवळी शाई लागते. अंगठ्याने चोळून पुसली जाणारी छपाई दिसली की सावध व्हा.

साध्या लॅटरलवर आयएस 12786, इनलाइन नळीवर आयएस 13488 आणि पीव्हीसी पाइपवर आयएस 4985 हा क्रमांक असतो. सोबत कंपनीचे नाव, व्यास, क्लास आणि बॅच क्रमांक पाहा. पीव्हीसीवरील दाबाचा आकडा विसरू नका. 4 किलोचा पाइप म्हणजे साधारण 40 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. विहीर खोल आणि शेत चढावर असेल तर तो पुरणार नाही.

आता खरी अडचण. हे छपाई यंत्र सांगाल ते छापते, आयएसआयचे चिन्हसुद्धा. म्हणून चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक महत्त्वाचा. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ मोबाइल ॲपमध्ये तो टाका. परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे का, हे लगेच दिसते. नळीवर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरे आले, तर माल परत करा. तक्रारही त्याच ॲपवर करता येते.

मोटारीच्या केबलचेही तेच. फिनोलेक्सने 1958 मध्ये केबलनिर्मिती पुण्यातच सुरू केली आणि आजही अनेकजण केबलसाठी शहरात तपकीर गल्ली गाठतात. पीव्हीसी केबलवर आयएस 694 आणि तारेची जाडी (2.5, 4 चौरस मिमी वगैरे) वाचा. बऱ्याच केबलवर दर मीटरला आकडाही छापलेला असतो. एका टोकाला 12 आणि दुसऱ्या टोकाला 102 असेल तर केबल 90 मीटर आहे. 100 मीटरचे पैसे देऊ नका.

राज्यात ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान मिळते. त्यासाठी माल प्रमाणित असावा लागतो आणि मोका तपासणी होते. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी तपासणीवेळी संचासोबत नळीवरच्या छपाईचाही जवळून फोटो घ्यावा. बिलावरचे नाव त्याच्याशी जुळते का ते तिथेच कळेल. शेतकऱ्यांनी जोडणी करताना उरलेला, पूर्ण छपाई असलेला एक तुकडा बिलासोबत सावलीत जपून ठेवावा. दोन वर्षांनी शेतातल्या नळीवरची अक्षरे उन्हाने उडालेली असतील, आणि तक्रारीत बॅच क्रमांक तर लागतोच.