आधी काडी, मग बटण

सांगलीचे विश्रामबाग म्हटले की परगावच्या मनुष्यास विलिंग्डन आणि वालचंद या दोन महाविद्यालयांचे स्मरण होते. परंतु याच विश्रामबागेत आमच्या घरी गॅसची शेगडी प्रथम आली, तेव्हा खरे अध्ययन सुरू झाले ते स्वयंपाकघरात, आणि विद्यार्थिनी होत्या साठी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाई. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या त्यांच्या हातांना एकच शिरस्ता ठाऊक होता: आधी सरपण रचावे, मग विस्तव घालावा. त्यास अनुसरून त्यांनी बटण पूर्ण फिरवले आणि सावकाश काडेपेटी आणावयास त्या फडताळाकडे गेल्या. परतून काडी ओढताच भपकन ज्वाळा उठली. पदर बचावला, मनगटावरचे केस तेवढे होरपळले.

कसूर त्यांचा नव्हता, सवयीचा होता. चुलीतले लाकूड विस्तवाची प्रतीक्षा करीत निमूट पडून राहते. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे हे मिश्रण मात्र हवेहून जड असल्यामुळे ओट्यावरून खाली उतरते, जमिनीलगत पसरते, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले की एका ठिणगीने पेट घेते. म्हणून येथे क्रम उलटा: आधी काडी, मग बटण. पुढे लायटर आला आणि तीच चूक तरुण हातांत परतली. बटण फिरवून झाल्यावर लायटर कोठे ठेवला याची चौकशी घरोघर चालते.

बाकीचा बंदोबस्त अवघड नाही. सिलिंडर उभा असावा आणि शेगडी त्याहून उंचावर. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांची मुदत भरताच बदलावी. सांध्यांची तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडीने कदापि नव्हे. आणि निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्यात हयगय करू नये. दूध उतू जाऊन ज्योत विझली, तरी गॅस वाहतच राहतो, हेही ध्यानी असावे. मुळात निर्गंध असलेल्या या वायूत मर्कॅप्टनची दुर्गंधी मुद्दाम मिसळलेली असते, ती याच प्रसंगासाठी. तो वास येताच बटण व रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचा दिवा वा पंखा लावू नये, तसेच चालू असलेला बंदही करू नये, आणि घराबाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर वर्दी द्यावी.

आत्याबाईंनी एवढे शास्त्र कधी ऐकले नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी काडेपेटी फडताळातून काढून शेगडीपासून हातभर अंतरावरच्या कोनाड्यात ठेवली, आणि ती हाती आल्यावाचून बटणास पुन्हा कधी स्पर्श केला नाही.