बक्षीस कोणते ठेवावे?

पाश्चात्त्य देशांत शिकारी मंडळे निधीसाठी सोडत काढतात आणि बक्षीस म्हणून अनेकदा बंदूकच ठेवतात. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावाने नेमबाजी केंद्रासाठी निधी उभारावयाचे ठरविले, तर त्याने हा कित्ता गिरवावा काय? मुळीच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीस परवाना लागतो. तिकीट लागले म्हणून ती कोणाच्या हाती देता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौकही संपविला. ज्या माळढोकासाठी याच जिल्ह्यात १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले, तो पक्षी आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. शिवाय शासनमान्य नसलेल्या लॉटरीचे कार्यालय चालविणे हाही अपराधच.

मग निधी कसा उभा राहावा? उघड वर्गणीने आणि चोख हिशेबाने. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. असे गुण करकंबच्या मुलामुलींतही असतील; त्यांना साधने मिळावयास हवीत. वर्गणीतून घेतलेली एअर रायफल एकाच्या घरी न जाता केंद्रात राहिली, तर अनेक हात तिच्यावर सराव करतील. नशिबाने एकाला लाभणाऱ्या वस्तूपेक्षा सर्वांच्या उपयोगी पडणारे साधन, हेच गावाचे खरे बक्षीस होय.